हिशेबाचे प्रश्न: पार्टीच्या लेजरमध्ये न विचारता काय बसतं?

या वेळच्या पत्रांमध्ये वेगवेगळ्या धंद्यांची मंडळी आहेत, पण दुखणं बहुतेकांचं एकच आहे. नवीन पार्टी, म्हणजे ग्राहकाचं लेजर (खातं), उघडताना उधारीची मुदत, लिमिट, राज्य, कर, खातं असे काही रकाने सॉफ्टवेअर स्वतःच भरतं. घाईत कोणी ते बघत नाही आणि सहा महिन्यांनी येणे बाकीची यादी काढली की ती खरी वाटेनाशी होते. हे रकाने भरतात कुठून आणि कोणत्या क्षणी, एवढं कळलं तर निम्मी दुरुस्ती घरीच होते. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न : आमचं कृषी सेवा केंद्र आहे. 'शेतकरी' या ग्राहक गटाला सॉफ्टवेअर बसवताना ३० दिवसांची मुदत टाकलेली होती. सोयाबीन विकल्यावरच पैसे येतात म्हणून ती १५० दिवस केली. तरी यादीत सगळे शेतकरी थकीतच दिसतात. सॉफ्टवेअर बिघडलंय का? (परभणी जिल्हा)

बिघडलेलं नाही. गटाची मुदत हा नुसता साचा आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नवीन ग्राहक उघडताना साच्यातला आकडा त्याच्या मास्टरमध्ये (ग्राहकाची कायमची माहिती ठेवतात तिथे) उतरतो, आणि तिथून पुढे साच्याचा आणि त्या ग्राहकाचा संबंध संपतो. बिल करताना मास्टरमधला आकडा पुन्हा बिलात उतरतो आणि त्यावरून देय तारीख पक्की होते. म्हणजे ३० हा आकडा तीन ठिकाणी लिहिला गेला: गटात, ग्राहकात आणि प्रत्येक बिलात. तुम्ही त्यातलं पहिलंच ठिकाण बदललंत. आधी उघडलेले शेतकरी आणि आधी फाडलेली बिलं ३० वरच आहेत.

सगळीकडे असंच चालतं असं मात्र धरून चालू नका. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या मास्टरमध्ये अटी भरलेल्या नसतील तर बिल करताना सॉफ्टवेअर आधी ग्राहक, मग ग्राहक गट, मग कंपनी अशा क्रमाने शोधत जातं. तिथे गटातला बदल जुन्या ग्राहकाच्या पुढच्या बिलाला आपोआप लागतो, मात्र त्या ग्राहकाच्या नावाने आधीच काही भरलेलं असेल तर लागत नाही. ओरॅकल रिसीव्हेबल्ससारख्या मोठ्या प्रणालीत साचा बदलला की तीन पर्याय मिळतात: जुन्या ग्राहकांना हात लावू नका, सगळ्यांना लावा, किंवा ज्यांचं काही हाताने बदललेलं नाही त्यांनाच लावा. तिसरा पर्याय सर्वांत सुरक्षित. 'सगळ्यांना' निवडलं तर ज्या चार जणांना विचार करून वेगळी मुदत दिली होती तीही पुसली जाते.

तुमचं सॉफ्टवेअर यातल्या कोणत्या जातीचं आहे हे विक्रेत्याला फोन न करताही कळतं. डेटाचा बॅकअप घ्या आणि त्याच्या प्रतीवर काम करा. एक चाचणी ग्राहक उघडा, त्याची मुदत कागदावर लिहा. गटाची मुदत बदला. ग्राहक पुन्हा उघडून बघा, मग त्याच्या नावाने एक बिल करून देय तारीख बघा. ग्राहकात जुना आकडा आणि बिलातही जुनाच, तर नक्कल होते. ग्राहकाचा रकाना रिकामा आणि बिलात नवा आकडा, तर शोध होतो.

आता तुमच्या धंद्यापुरतं. खरीपाच्या उधारीला दिवसांची मुदत लावूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. १२ जूनला बियाणं नेलं तर १५० दिवस ९ नोव्हेंबरला भरतात. त्याच शेतकऱ्याने २५ जुलैला युरिया नेला तर २२ डिसेंबर येतो. माणूस एक, पीक एक, पैसे येणार एकाच वेळी, आणि यादीत तो दीड महिन्याच्या अंतराने दोनदा थकीत होणार. टॅलीप्राइममध्ये बिलाच्या बिल-वाईज (बिलागणिक बाकीच्या) तपशिलात 'ड्यू डेट ऑर क्रेडिट डेज' असा रकाना येतो. तिथे दिवसांऐवजी थेट तारीख टाकता येते. सोयाबीनवाल्यांची सगळी बिलं ३० नोव्हेंबरची, कापूसवाल्यांची ३१ जानेवारीची, असं ठरवून टाका आणि गटही पिकावरून पाडा. 'दिवाळीला' असं बोलीत ठीक आहे. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, म्हणून बिलात कॅलेंडरची तारीखच हवी.

जुन्या बिलांच्या तारखा एक एक उघडून बदलाव्या लागतील. पुढच्या हंगामाआधी फक्त शिल्लक असलेल्या बिलांपुरतं ते करा. पैसे येऊन मिटलेल्या बिलांना हात लावण्यात काही हशील नाही. आणि खताच्या पीओएस यंत्रावर नोंद झाली म्हणजे उधारी लिहिली गेली असं समजू नका. ते यंत्र अनुदानासाठी आहे. येणे बाकी तुमच्या स्वतःच्या खात्यातूनच तयार होते.

प्रश्न : नवीन पार्टीला माल उधार जाऊ नये म्हणून क्रेडिट लिमिट शून्य ठेवली. तरी पोराने लाखाचं बिल केलं आणि सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. असं कसं? (जालना, लोखंड विक्रेते)

कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शून्य किंवा रिकामा रकाना म्हणजे 'मर्यादाच ठरवलेली नाही'. टॅलीत लिमिट भरलेली नसेल तर कसलीच आडकाठी नसते. ईआरपीनेक्स्टमध्ये ग्राहकाला लिमिट नसेल तर गटाची बघतात, तीही नसेल तर कंपनीची, आणि तिथेही शून्य असेल तर माल बिनबोभाट जातो. काही प्रणालींत याच्या नेमकं उलट, शून्य म्हणजे एक रुपयाही उधार नाही. म्हणून शून्यावर विसंबू नका. नव्या पार्टीला लिमिट १ रुपया टाका. तो आकडा कोणत्याही सॉफ्टवेअरला दोन अर्थांनी वाचता येत नाही.

लिमिट टाकल्यावरही ती कशाशी ताडली जाते हे बघा. समजा पार्टीची लिमिट ५,००,००० आहे. बाकी ३,८०,०००. शिवाय ९०,००० चा माल डिलिव्हरी चलनावर गेलेला आहे, बिल व्हायचं आहे. आता १,१०,००० चं बिल करताय. सॉफ्टवेअर फक्त बिलं मोजत असेल तर त्याला ४,९०,००० दिसतात आणि ते पुढे जाऊ देतं. तुमचे अडकलेले पैसे खरं तर ५,८०,००० आहेत. लोखंडात वजन काट्यावर झाल्यावर चलन आधी आणि बिल मागून अशी पद्धत असते, त्यामुळे हा फरक रोजचा असतो. चलन आणि ऑर्डर लिमिटमध्ये धरायची सेटिंग असेल तर चालू करा. नसेल तर लिमिटच तेवढी कमी ठेवा.

पुढच्या तारखेच्या चेकचंही तसंच. टॅलीत लेजरमध्ये लिमिटच्या खाली पोस्ट-डेटेड व्यवहार धरून लिमिट ओलांडू द्यायची का, असा पर्याय येतो. तिथे 'नो' ठेवा. चेक वटेपर्यंत ती उधारीच आहे. शेवटचं म्हणजे लिमिट बदलण्याचा अधिकार बिल करणाऱ्याच्या लॉगिनला नको. नाहीतर अडलं की तोच लिमिट वाढवतो आणि बिल पुढे सरकवतो.

प्रश्न : आमचा किराणा ठोक व्यापार आहे. गिऱ्हाईक बिदर, निजामाबादकडचंही आहे. त्यांच्या काही बिलांवर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर) लागायच्या ऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा कर) लागला. ऑपरेटर म्हणतो, मी काही केलं नाही. (उदगीर)

त्याने काही केलं नाही, हीच अडचण आहे. पार्टी उघडताना राज्याच्या रकान्यात तुमच्या कंपनीचं राज्य, म्हणजे महाराष्ट्र, आपोआप येतं. एंटर मारत पुढे गेलं की बिदरची पार्टी कागदोपत्री महाराष्ट्राची होते आणि कर त्याप्रमाणे लागतो. उदगीर, देगलूर, मुखेड, धर्माबाद या पट्ट्यात ही चूक फार होते. पुण्याच्या सल्लागाराने बसवलेल्या सेटिंगमध्ये हे ध्यानात आलेलं नसतं.

तपासणी सोपी आहे. सगळ्या पार्ट्यांची यादी एक्सेलमध्ये काढा, नाव, राज्य आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) हे तीनच रकाने ठेवा. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. ते दोन अंक वेगळ्या रकान्यात काढून राज्याशी जुळवा. जिथे ३६ आणि महाराष्ट्र शेजारी दिसतील ती पार्टी चुकलेली. त्याच वेळी रिकामे जीएसटीआयएनही बघा. नंबर नसला की नोंदणीचा प्रकार 'अनरजिस्टर्ड' धरला जातो, बिल किरकोळ विक्रीत जातं आणि समोरच्याच्या २बी मध्ये (खरेदीवरच्या कराची वजावट दाखवणाऱ्या जीएसटी विवरणात) ते दिसतच नाही. मग तो तुमचे पैसे अडवून धरतो, आणि वसुलीची गाडी करावर येऊन थांबते.

पिनकोडही बघा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर नोंदणीकृत पार्टीला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं, आणि पोर्टल पिनकोड राज्याशी ताडतं. राज्य कर्नाटक आणि पिन उदगीरचा ४१३५१७ असेल तर इन्व्हॉइस परत येतं. बिदर शहराचा पिन ५८५४०१, निजामाबादचा ५०३००१.

एक गुंता वेगळा सांगतो. हैदराबादच्या पार्टीने माल घेतला, पण सांगितलं की थेट धर्माबादच्या अमक्या दुकानात उतरवा. माल महाराष्ट्रातच राहिला, तरी पुरवठ्याचं ठिकाण बिल घेणाऱ्याचं, म्हणजे तेलंगणा धरतात आणि आयजीएसटी लागतो. म्हणून 'बिल टू' आणि 'शिप टू' हे दोन पत्ते वेगळे ठेवा आणि सॉफ्टवेअर कर कोणत्या पत्त्यावरून ठरवतं ते एका बिलावर करून बघा.

चुकलेली बिलं निस्तरताना ई-इन्व्हॉइस २४ तासांच्या आतलं असेल तर ते पोर्टलवर रद्द होतं. त्यानंतर क्रेडिट नोट आणि नवीन बिल. कर चुकीच्या शीर्षाखाली भरून झाला असेल तर योग्य शीर्षाखाली भरावा लागतो आणि आधीचा परतावा म्हणून मागता येतो. चुकून एका शीर्षाऐवजी दुसऱ्यात भरल्याबद्दल व्याज लागत नाही. हे काम सीएकडून करून घ्या, आणि त्याआधी मास्टर दुरुस्त करा. नाहीतर नवीन बिलही जुन्या चुकीसकट निघेल.

प्रश्न : आमचं छोटं मशीनिंग युनिट आहे, उद्यम नोंदणी आहे. मोठ्या कंपनीच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ९० दिवस लिहिलेले असतात म्हणून सगळ्या ग्राहकांची डिफॉल्ट मुदत ९० केली. बरोबर आहे ना? शिवाय पैसे आले तरी प्रत्येक बिलावर थोडी बाकी राहतेच. (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

९० चूक आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० लिहिल्याने ही मर्यादा वाढत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून खरेदीदारालाही चटका आहे: मुदतीत न दिलेली रक्कम त्याला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की ही गोष्ट त्यांच्या अकाउंट विभागाला सांगून बघा, वजन पडतं. (उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना हे संरक्षण आहे. नुसत्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी असली तरी त्याला हा हक्क लागू होत नाही. मोंढ्यातल्या वाचकांनी नोंद घ्यावी.)

तेव्हा डिफॉल्ट ४५ ठेवा. ज्यांच्याशी लेखी करार नाही त्यांचा वेगळा गट करून तिथे १५. तुम्ही ९० ठेवलेत तर कायद्याने थकलेलं बिल तुमच्याच यादीत आणखी ४५ दिवस 'मुदतीत' म्हणून झोपून राहतं आणि कोणी फोनच करत नाही. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जातात की माल स्वीकारल्याच्या, हेही बघा. सॉफ्टवेअर बहुधा बिलाची तारीख धरतं. कंपनीच्या जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) तारीख मागून बिलाच्या शेऱ्यात लिहून ठेवा, भांडायची वेळ आली तर तीच लागते.

उरणारी बाकी ही टीडीएसची, म्हणजे कंपनी तुमच्या पैशातून कापून सरकारकडे भरते त्या आयकराची असणार. मजुरी १,००,०००, त्यावर जीएसटी १८ टक्के धरला तर बिल १,१८,०००. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मजुरीवरच कापतात. २ टक्क्यांनी २,०००. खात्यात येतात १,१६,०००. रिसीट तेवढ्याचीच केली तर बिल २,००० ने उघडं राहतं आणि वर्षभरात अशी शेपटं साठून यादी वाचवत नाही. पार्टीच्या मास्टरमध्ये ती टीडीएस कापते अशी खूण करा, आणि रिसीटमध्येच बिलासमोर १,१६,००० बँक आणि २,००० 'टीडीएस येणे' अशी विभागणी करा. दर तिमाहीनंतर ते २६एएसशी (तुमच्या पॅनवर जमा झालेला टीडीएस दाखवणाऱ्या आयकर विवरणाशी) जुळवा. त्यात न दिसलेला टीडीएस म्हणजे कंपनीने कापून भरलेला नाही किंवा पॅन चुकलाय. त्याचा पाठपुरावा लगेच करायचा.

प्रश्न : टॅलीत बिल-बाय-बिल (प्रत्येक बिलाची बाकी वेगळी ठेवणं) आधी बंद होतं, या वर्षी चालू केलं. आता एजिंगमध्ये (बाकी किती दिवसांची ते दाखवणाऱ्या यादीत) जुन्या पार्ट्यांची बाकी एकाच ढिगात दिसते. (लातूर, डाळीचे व्यापारी)

चालू करण्याआधीच्या रकमांना बिलाचा संदर्भच नाही, म्हणून त्यांना वयही नाही. पार्टीचं लेजर अल्टर करून सुरुवातीच्या बाकीची फोड करावी लागते: बिल नंबर, तारीख, रक्कम. बेरीज ओपनिंग बॅलन्सशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. सगळ्यांची करू नका. मोठ्या बाकीच्या पार्ट्यांपासून उतरत्या क्रमाने या, आणि किरकोळ जुन्या बाकीला वर्षाच्या पहिल्या तारखेचा एकच संदर्भ द्या.

याच्या पुढची शिस्त महत्त्वाची. रिसीट करताना 'अगेन्स्ट रेफ' निवडून बिल दाखवायचं. घाईत 'ऑन अकाउंट' टाकलं तर पैसे आलेले असतात, पण बिल उघडंच राहतं. मग वसुलीला गेलेला माणूस पैसे दिलेल्या पार्टीच्या दारात पुन्हा उभा राहतो, आणि वीस वर्षांचं गिऱ्हाईक दुखावतं. नवीन लेजर उघडताना बिल-बाय-बिल 'येस' आहे ना, तेही बघा. तिथे 'नो' राहिलं तर मुदतीचा रकानाच पुढे येत नाही.

प्रश्न : काउंटरच्या बिलात ग्राहक म्हणून 'कॅश' आपोआप येतो. त्यामुळे काही अडचण? (अंबाजोगाई)

रोखीच्या विक्रीला नाही. उधारीचं बिल चुकून त्याच नावाने गेलं तर मात्र ती उधारी येणे बाकीत कधीच येत नाही, आणि पुस्तकातली रोकड गल्ल्यापेक्षा जास्त दिसते. रोज संध्याकाळी गल्ला मोजून पुस्तकाशी ताडलात तर त्याच दिवशी सापडते. आठवड्याने शोधायला गेलात तर कोण काय घेऊन गेलं हे कोणाला आठवत नाही. उधारीसाठी वेगळा व्हाउचर टाइप (बिलाचा प्रकार) करा, ज्यात ग्राहकाचं नाव निवडल्याशिवाय बिल पुढे जात नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं करपात्र बिल ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर त्याचं नाव, पत्ता आणि राज्य बिलावर लागतंच, तिथे 'कॅश' चालत नाही. आणि एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. चार बिलं 'कॅश' नावावर फोडून ही मर्यादा चुकत नाही.

याच ओघात काउंटरवाल्यांसाठी आणखी एक. मोबाइल नंबर सक्तीचा असतो म्हणून बरेच ऑपरेटर दुकानाचाच नंबर टाकतात. मग वसुलीचे सगळे मेसेज दुकानातच येत राहतात. नंबर नसेल तर रकाना रिकामा सोडता येईल अशी सेटिंग करा, आणि महिन्यातून एकदा एकच मोबाइल नंबर असलेल्या पार्ट्यांची यादी काढा. खरे घरचे दोन भाऊ सोडले तर बाकी सगळे नंबर दुरुस्त करायचे.